‘ईक आउट’चा अर्थ लावायचाय? आधी मटण कुठे गेलं ते शोधा

तुम्ही पाठवलेला उतारा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका इंग्रज कुटुंबाच्या आठवणींचा आहे आणि अडचण एकाच क्रियापदाची आहे. ते तीन वाक्यांत तीनदा येतं. ‘वी ईक्ड आउट द मीट विथ पटेटोज.’ ‘मदर ईक्ड आउट द बटर टिल फ्रायडे.’ ‘फादर ईक्ड आउट हिज वेजेस विथ क्लॉक रिपेअर्स.’ तुमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘ईक आउट’समोर ‘कसाबसा उदरनिर्वाह करणे’ एवढंच दिलंय. त्यावरून तुम्ही पहिल्या वाक्याचं ‘आम्ही बटाट्यांवर कसाबसा उदरनिर्वाह केला’ असं केलंत आणि लिहिलंत, ‘वाचायला बरं वाटतं, पण काहीतरी चुकलंय, काय ते सापडत नाही.’

चुकलंय हे तुमच्या लक्षात आलं, ते फार बरं झालं. काय चुकलं ते सांगतो. मूळ वाक्यात मीट आहे. तुमच्या वाक्यात ते कुठेच नाही.

गेली सव्वीस वर्षं मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतोय आणि नव्या मुलांची भाषांतरं तपासतोय. माझी तपासण्याची पहिली पद्धत हीच. मूळ वाक्यातल्या वस्तू आणि माणसं मोजायची आणि मराठीत तितकीच उतरलीत का ते बघायचं. एखादी वस्तू गळाली असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा क्रियापदाचा अर्थ चुकलेला असतो. चुकीच्या अर्थात ती वस्तू बसत नाही, आणि वाक्य जुळावं म्हणून आपलाच हात नकळत तिला बाजूला सारतो. तुमच्याकडून मटण असंच सुटलं.

आता त्या वस्तूंकडेच बघू. जोडक्रियापदाचा, म्हणजे क्रियापद आणि ‘आउट’सारखं अव्यय मिळून होणाऱ्या जोडीचा, अर्थ लागत नसेल तेव्हा क्रियापदाकडे टक लावून काही हाती लागत नाही. त्याच्या कर्माकडे बघावं. काय ‘ईक आउट’ केलं? पहिल्या वाक्यात मांस, दुसऱ्यात लोणी, तिसऱ्यात पगार. तिन्ही गोष्टी हातात आहेत, पण कमी आहेत. पुढे ‘विथ’ आहे का तेही बघा. पहिल्यात आणि तिसऱ्यात आहे, दुसऱ्यात नाही, तिथे ‘टिल फ्रायडे’ आहे. म्हणजे दोन ठिकाणी अपुऱ्या गोष्टीत दुसरं काहीतरी घातलंय आणि एका ठिकाणी अपुरी गोष्ट ठरावीक दिवसापर्यंत टिकवलीय. एवढं कळल्यावर शब्दकोश मिटून ठेवलात तरी चालेल. घरात माणसं आठ आणि मटण अर्धा किलो असलं की आपल्याकडे रश्श्यात बटाटे पडतातच. का घातले असं विचारलं तर घरातली बाई काय सांगेल? ‘मटण पुरायला नको?’

हेच तुमचं क्रियापद. पुरवणं.

मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण इंग्रजी शब्दात जे दोन अर्थ आहेत ते दोन्ही यात आहेत. ‘साखर पंचवीस तारखेपर्यंत पुरवायची आहे’ म्हणताना काटकसर असते, जपून वापरणं असतं. ‘मटणात बटाटे घालून पुरवलं’ म्हणताना भर घालणं असतं. ‘पुरवून पुरवून खा’ हे आपण लहानपणी किती वेळा ऐकलंय! आणि पुरवणी हा शब्द आठवा. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका संपली की हात वर करून मागायचा तो जादा कागद, किंवा वर्तमानपत्राबरोबर येणारी रविवारची पुरवणी. मुळात असलेल्याला जोडलेली भर. गंमत अशी की इंग्रजीतही ‘ईक’ हे नाम नेमक्या याच अर्थाचं आहे. ब्रिटनमधले मधमाश्या पाळणारे पेटीची उंची वाढवायला जी जादा चौकट बसवतात, तिला आजही ‘ईक’ म्हणतात. पेटीची पुरवणीच ती.

आता तुमच्या शब्दकोशात दिलेला अर्थ कुठून आला? तो खोटा नाही. ‘ईक आउट अ लिव्हिंग’ हा प्रयोग इंग्रजीत सर्रास होतो आणि तिथे ‘कसंबसं पोट भरणं’ हाच अर्थ आहे. पण तिथलं कर्म बघा. मटण, लोणी, पगार या गोष्टी आधीपासून हातात होत्या. ‘लिव्हिंग’ हातात नव्हतं, ते खटपट करून मिळवलंय. एकीकडे कर्म म्हणजे असलेला साठा, दुसरीकडे कर्म म्हणजे मिळालेलं फळ. सगळी मेख या फरकात आहे. 1926 साली इंग्रजीच्या वापरावरचा आपला प्रसिद्ध कोश काढणाऱ्या हेन्री फाउलरने यावर बोट ठेवलं होतं. त्याच्या मते या क्रियापदाला कर्म म्हणून मूळचा साठाच शोभतो. उत्पन्नाला किरकोळ कामांची जोड देऊन ते ‘ईक आउट’ करता येतं, पण हलाखीचं जिणं ‘ईक आउट’ करता येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही आणि आज दोन्ही प्रयोग शब्दकोशांत शेजारी शेजारी नांदतात. भाषांतर करताना मात्र फाउलरने दाखवलेली ती रेघ फार उपयोगी पडते, म्हणून ती जरूर लक्षात ठेवा.

मी काय करतो ते सांगतो. अनोळखी जोडक्रियापद आलं की वहीचं एक कोरं पान घेतो आणि मधोमध उभी रेघ मारतो. इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशांतली उदाहरणं, वर्तमानपत्रातली वाक्यं, जिथून मिळतील तिथून पंधरा-वीस वाक्यं जमवतो आणि वाक्य न लिहिता फक्त कर्म लिहून काढतो. ‘ईक आउट’चं माझं पान अजून आहे. डावीकडे: पेन्शन, कोळसा, चहा, पगार, मेणबत्ती, रेशन. उजवीकडे: लिव्हिंग, एक्झिस्टन्स, विन, ड्रॉ, प्रॉफिट. पान भरल्यावर अर्थ जवळजवळ आपोआप दिसतो. डावीकडच्या गोष्टी पुरवायच्या असतात, उजवीकडच्या मिळवायच्या असतात, त्याही घाम गाळून आणि जेमतेम. अमेरिकी क्रीडावार्तांमध्ये संघ ‘ईक आउट अ विन’ करतो तेव्हा मराठी वार्ताहर ‘निसटता विजय’ लिहितो. ते अचूक आहे. तिथे पुरवणं आणलं तर वाक्य हास्यास्पद होईल.

हे पान तयार करण्याची सवय मला एका चुकीमुळे लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कादंबरीच्या भाषांतरात एक निवृत्त शिक्षिका होती. ती शिकवण्या घेऊन आपली पेन्शन ‘ईक आउट’ करायची. मी लिहिलं, ‘ती कसेबसे दिवस कंठत होती.’ संपादिकाबाईंनी समासात पेन्सिलीने दोनच प्रश्न लिहिले होते, ‘या बाई इतक्या गरीब आहेत का? मग पुढच्या प्रकरणात पियानो कशाच्या पैशांनी घेतात?’ मी मूळ पुन्हा वाचलं. पेन्शन पुरेशी नव्हती एवढंच तिथे होतं. दारिद्र्य मीच आणलं होतं. ‘पेन्शनला शिकवण्यांची जोड होती’ असं वाक्य केलं आणि ती बाई पुन्हा आपल्या पायावर ताठ उभी राहिली. एका क्रियापदाने माणसाची सांपत्तिक स्थितीच बदलते, म्हणून मी याबाबतीत इतका आग्रही आहे.

आता ‘आउट’बद्दल. तुम्ही विचारलंय, ‘यात बाहेर काय आहे?’ बाहेर काहीच नाही. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्या भाषेत हाच खेळ रोज चालतो, फक्त सोंगट्या वेगळ्या आहेत. ‘बोलणं’ हे एक क्रियापद घ्या. ‘बोलून टाकलं’ म्हणजे मनावरचं ओझं उतरवलं. ‘बोलून गेला’ म्हणजे ओघात तोंडून निघून गेलं. ‘बोलून बसला’ म्हणजे बोलायला नको होतं आणि आता निस्तरायची वेळ आलीय. ‘बोलून दाखवलं’ म्हणजे मनातली नाराजी उघड केली. यात कुणी काही टाकत नाही, कुणी खुर्चीत बसत नाही. टाकणे, जाणे, बसणे, दाखवणे ही क्रियापदं आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून नुसती छटा देतात. इंग्रजीतली आउट, अप, ऑफ, ऑन ही अव्ययं हेच काम करतात. ‘हिअर मी आउट’ म्हणजे ‘माझं शेवटपर्यंत ऐकून घे’. ‘फाइंड आउट’ म्हणजे ‘शोधून काढ’. ‘टायर्ड आउट’ म्हणजे ‘थकून गेलेला’. बघा, तीन ठिकाणी आउट, आणि मराठीत तीन ठिकाणी तीन सहायक क्रियापदं: घेणे, काढणे, जाणे. तिन्हींत समान काय आहे? काम तडीला जाणं, शेवटाला पोचणं.

‘ईक आउट’मधला आउट असाच आहे. कमी असलेली गोष्ट शेवटापर्यंत पोचवायची. आपण ‘निभावून नेलं’, ‘वेळ मारून नेली’, ‘महिना ढकलून नेला’ म्हणतो, त्यातल्या ‘नेणे’चं काम इथे आउट करतो. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं त्या दिवसापासून इंग्रजी अव्ययांची भीती गेली. विद्यार्थ्यांना मी अव्ययांचे अर्थ पाठ करायला सांगत नाही. आपल्याकडे इथे टाकणे येईल, बसणे येईल की नेणे, एवढं विचारतो.

एक छोटी चाचणीही करून बघत जा. समोर आलेलं खरंच जोडक्रियापद आहे की साधं क्रियापद आणि पुढे शब्दयोगी अव्यय, हे आधी ठरवावं लागतं. कर्माच्या जागी ‘इट’ घाला आणि ते मध्ये सरकतं का बघा. ‘शी रॅन अप अ बिल’चं ‘शी रॅन इट अप’ होतं, म्हणजे उधारी चढवून ठेवली. ‘शी रॅन अप अ हिल’चं ‘शी रॅन इट अप’ होत नाही. तिथे ती खरोखरच टेकडी धावत चढली आणि अप म्हणजे वरच. ‘मदर ईक्ड इट आउट’ बिनदिक्कत होतं, तेव्हा हे अस्सल जोडक्रियापद आहे आणि दोन्ही शब्दांचा अर्थ एकत्रच लावायला हवा.

व्युत्पत्तीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण या शब्दाची सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जुन्या इंग्रजीत याचं मूळ क्रियापद ‘वाढवणे’ या अर्थाचं होतं. ज्या आदिम धातूपासून ते आलं त्याच धातूपासून लॅटिनमधला ‘वाढवणे’ हा शब्द आला आणि त्यातून इंग्रजीतला ‘ऑक्शन’, म्हणजे ज्यात बोली वाढत जाते तो लिलाव. आणि त्याच धातूचं संस्कृतमधलं अपत्य म्हणजे ओजस्, आपलं ओज. पीठ-मीठ पुरवणाऱ्या गृहिणीच्या तोंडचा शब्द आणि आपल्या वीररसातलं ओज एकाच घरचे आहेत. आणखी एक शब्द या घरातला आहे: ‘निकनेम’. मूळ शब्द होता ‘ईकनेम’, म्हणजे जोडनाव, भर घातलेलं नाव. ‘अॅन ईकनेम’ म्हणता म्हणता ‘अॅन’मधला न पुढच्या शब्दाला चिकटला. उलटही झालंय. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ पूर्वी ‘नेप्रन’ होता, त्याचा न मागच्या ‘अ’ने पळवला.

मात्र व्युत्पत्तीवर सगळा भार टाकू नका. कधी ती वाट दाखवते. ‘एग ऑन’ घ्या. अंड्याचा काहीही संबंध नाही. तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि इंग्रजी ‘एज’चा, म्हणजे धारेचा, भाऊबंद आहे. धार लावून पुढे ढकलणं, आपल्या भाषेत भरीस घालणं. हे कळलं की शब्द जन्मात विसरत नाही. पण ‘पीटर आउट’चं मूळ अभ्यासकांनाही नक्की सांगता आलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या बोलण्यात खनिजाची शीर पातळ होत होत संपली की हा शब्द यायचा. मूळ कळलं नाही म्हणून काही अडत नाही. खाणीतली शीर डोळ्यांसमोर आणली की ‘विरत गेलं’, ‘आटत गेलं’ हे शब्द आपसूक येतात.

तुमच्या उताऱ्यात असं डोळ्यांसमोर आणणं फार गरजेचं आहे, म्हणून थोडं त्या काळाबद्दल. ब्रिटनमध्ये अन्नधान्याचं रेशनिंग 8 जानेवारी 1940 रोजी सुरू झालं, आधी बेकन, लोणी आणि साखर. मार्चमध्ये मांसही आलं, आणि ते वजनावर न देता किमतीवर दिलं जायचं. माणशी आठवड्याला ठरलेल्या शिलिंग-पेन्सचं मांस. स्वस्तातला कडक तुकडा घेतला तर जरा जास्त मिळायचं. लोणी युद्धातल्या बऱ्याच काळात माणशी आठवड्याला 2 औंस, म्हणजे साधारण 57 ग्रॅम होतं. 57 ग्रॅम म्हणजे किती ते बघायचं असेल तर घरातल्या 100 ग्रॅमच्या बटरच्या वडीचा अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा कापून बशीत ठेवा आणि त्यावर सात दिवस काढायचेत असं समजा. बटाट्यावर मात्र युद्धकाळात रेशन नव्हतं. उलट सरकारच लोकांना ते खायला सांगत होतं आणि त्यासाठी ‘पटेटो पीट’ नावाचं हसरं बटाट्याचं चित्रपात्र जाहिरातींत झळकत होतं. मांसावरचं रेशन उठलं ते थेट 4 जुलै 1954 रोजी, युद्ध संपून नऊ वर्षं झाल्यावर.

आता तुमची वाक्यं पुन्हा वाचा. मांस मोजून मिळतंय, बटाटे हवे तेवढे आहेत. मग मांसात बटाटे घालणं सोडून आई दुसरं काय करणार? लोणी आठवड्याच्या हिशोबाने मिळतंय, म्हणून ‘टिल फ्रायडे’. तो शुक्रवार उगाच आलेला नाही. बहुधा त्यांच्या घरचं रेशन शुक्रवारी किंवा शनिवारी आणलं जात असावं. उताऱ्यात पुढेमागे दुकानाचा दिवस आलाय का ते एकदा तपासा. आला असेल तर तुमचा अर्थ पक्का झाला.

शब्दकोश कुठला वापरावा हेही तुम्ही विचारलंय. जोडक्रियापदांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश शेवटी उघडा. एकाच ओळीत एकच अर्थ देण्याची त्यांची पद्धत असते आणि तिथेच तुम्ही फसलात. आधी विद्यार्थ्यांसाठीचा चांगला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या. त्यात ‘ईक समथिंग आउट’ असं कर्माची जागा दाखवून लिहिलेलं असतं आणि प्रत्येक अर्थाला उदाहरण असतं. अर्थ कळल्यावर मग मराठी शब्दासाठी स्वतःच्या कानावर विसंबा. त्या जागी आपल्या घरात, बाजारात, शेतावर काय म्हणतात? तिसऱ्या वाक्यासाठी मला शब्द सापडला तो शेतीतला. शेतकऱ्याला एका पिकावर भागत नाही, मग तो दोन म्हशी, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या पाळतो. त्याला आपण जोडधंदा म्हणतो. वडील घड्याळं दुरुस्त करून पगाराला हेच करत होते. पगार ‘पुरवला’ म्हटलं तर जपून खर्च केल्यासारखं वाटतं, इथे बाहेरून कमाईची भर पडलीय, म्हणून ‘जोड’.

मी असं करीन: ‘मटण पुरावं म्हणून आम्ही त्यात बटाटे घालायचो. आई लोणी शुक्रवारपर्यंत पुरवायची. पगाराला जोड म्हणून बाबा लोकांची घड्याळं दुरुस्त करून द्यायचे.’ मूळ इंग्रजीत तिन्ही वाक्यांत एकच क्रियापद आहे आणि त्या पुनरुक्तीला एक लय आहे, हे मला मान्य आहे. ती लय हवी असेल तर तिसरं वाक्य ‘पगार पुरेना म्हणून बाबा घड्याळं दुरुस्त करायचे’ असं करा. मग पुरावं, पुरवायची, पुरेना अशी एकाच धातूची तीन रूपं ओळीने येतात. मला स्वतःला हे दुसरं रूप जास्त आवडतं. फक्त आधीच्या पानावर बाबांच्या पगाराबद्दल काय लिहिलंय ते वाचून मगच ‘पुरेना’ ठेवा.